टाकीला कुलूप

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे आला. दोष कुठे आहे हे विचारायला तो आलाच नव्हता. दोषी कोण हे त्याचं वाटेतच ठरलं होतं, गुरूंनी फक्त मान डोलवायची होती. वैद्याच्या ओसरीची पायरी चढता चढता औषधाचं नाव सांगणारे रोगी आपण पाहतो ना, त्यातलाच हा प्रकार.

गुरू म्हणजे कोणी जटाधारी नव्हेत. उभा जन्म इंजिनं आणि पंप उघडण्यात गेलेले, आता नदीकाठी मिरच्या-वांग्यांचे वाफे राखणारे एक वृद्ध कारागीर. पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणे. शिष्य त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच्या पायावर उभा असलेला तिशीतला गडी. या दोघांची नावं सांगत नाही, त्यांच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही. सांगायला हवं ते तिसऱ्याचं नाव, कारण ज्याच्यावर संशय असतो त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याचं नाव सुभाना.

"वस्ताद, माझं यंत्र मारलं," शिष्य म्हणाला. "सुभानाने तेलात पाणी घातलं."

वस्ताद मिरच्यांना पाणी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घालताना पाहिलंस?"

"पाहायला कशाला पाहिजे? तेल दुधासारखं पांढरं झालंय. पाणी गेल्याशिवाय तेल पांढरं होतं का?"

"सुभानाला विचारलंस?"

"चोर कधी सांगतो का, वस्ताद?"

वस्तादांनी खोरं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि पायांत वहाणा सरकवल्या. शिष्याला वाटलं, आपलं काम झालं. वाटेभर तो बोलत राहिला आणि वस्ताद ऐकत राहिले. त्याने जे सांगितलं ते असं.

गावाबाहेर लाकडाची एक जुनी वखार होती. तिच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठच्या वडिलांच्या काळापासून तिथे ओंडके फोडायचं काम सुभाना करी. त्या वखारीत एक जुनी रीत होती. लाकूड धन्याचं आणि भुसा फोडणाऱ्याचा. दिवसाचं काम आटोपलं की फोडणाऱ्याने अंगण झाडायचं आणि करवतीचा भुसा, कुऱ्हाडीच्या ढलप्या असं जे निघेल ते पोत्यात भरून घरी चुलीसाठी न्यायचं. ते पोतं कुणी उघडून बघायचं नाही. बघणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं, असं तिथे मानत.

अशा त्या वखारीत शिष्याने स्वतःच्या हाताने एक यंत्र उभं केलं होतं. मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरचा पंप, मातीकामाच्या यंत्राचा भंगारात पडलेला सिलिंडर, विहिरीवरचं जुनं इंजिन, एक लोखंडी गर्डर आणि पुढे पोलादाची पाचर. तेलासाठी पत्र्याची चौकोनी टाकी. इंजिन पंपाला फिरवी, पंप टाकीतलं तेल ओढून सिलिंडरमध्ये दाबी, आतला दट्ट्या पुढे सरके आणि पाचर ओंडक्यात अशी शिरे की बाभळीची गाठसुद्धा दोन फाके होऊन पडे. शेठ खूश. सुभानाच्या हातची कुऱ्हाड भिंतीला टेकली आणि तो यंत्राला ओंडके लावू लागला. शिष्य त्याला सुभानाकाका म्हणे. दुपारी दोघं एकाच सावलीत भाकरी सोडत.

मग एके दिवशी चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज बोलून गेलं, "काय रे, म्हाताऱ्याचं पोट मारलंस की."

बोलणारा चहा पिऊन निघून गेला, बोलणं मात्र शिष्याच्या मनात राहिलं. खरं तर त्याला वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं की माणसाला ते कबूल करायला जड जातं, त्यापेक्षा समोरचाच वाईट आहे असं मानणं सोपं पडतं. ज्याचं पोट आपण मारलं तो आपल्या यंत्राचं बरं चिंतील तरी कसा, असा हिशेब शिष्याने मनात मांडला. त्या दिवसापासून त्याचं सुभानाकडे लक्ष राहू लागलं.

आणि लक्ष ठेवलं की दिसतंच. पहिल्यांदा दिसलं ते टाकीतलं तेल चार बोटं उतरलेलं. जमिनीवर पाहावं तर थेंब नाही. सांडलं नाही म्हणजे चोरीला गेलं. सुभाना संध्याकाळी पोतं खांद्यावर टाके तेव्हा वाकून चालू लागला होता. भुशाचं पोतं कधी एवढं जड असतं का? आत डबा असणार. पण पोतं उघडायची रीत नाही, आणि तोंडाने विचारायचं तर शिष्याच्या जिभेला ते जमेना. त्याने डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. टाकीतलं उतरलेलं तेल कुठे गेलं असावं, अशी शंका निदान इथे तरी आपल्याला यायला हरकत नाही.

एका दुपारी सुभाना आपणहून म्हणाला, "पोरा, हल्ली भुसा लई भरभर पेटतोय बघ." शिष्याने तोंड फिरवलं. त्याला ती धमकी वाटली. वखारीत उभं राहून पेटण्याची भाषा कोण करतो? त्या दिवसापासून त्याने काका म्हणणं सोडलं, आणि भाकरीसुद्धा तो इंजिनापाशी एकटाच बसून खाऊ लागला.

मग त्याने बंदोबस्त केला. टाकीच्या जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. त्यातून कुणी काय सोडील याचा नेम नाही, म्हणून त्याने ते झाकण काढून फेकलं. जाड पत्र्याचं नवं झाकण केलं, खाली टायरच्या ट्यूबचं रबर बसवलं, वर कडी आणि कडीला कुलूप. तळाच्या तोटीला तारेचे वेढे दिले. बोटभर जरी तेल गेलं तरी कळावं म्हणून टाकी अगदी काठोकाठ भरली. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आणि त्या संध्याकाळी तो निश्चिंत मनाने घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी यंत्राचा जोर गेला. पंप कण्हू लागला आणि पाचर ओंडक्यात अर्धी शिरून थांबू लागली. त्याच्या पुढच्या दिवशी टाकीच्या कुशीला मोठा पोचा दिसला, कुऱ्हाडीच्या मागच्या अंगाने ठोका घालावा तसा. आणि आता तोटीतून काढून पाहावं तर तेल पांढरं. कुलूप मात्र शाबूत. म्हणजे सुभाना किती पक्का असेल, असं शिष्याला वाटलं. यंत्र बंद म्हणून शेठनी सुभानाला पुन्हा कुऱ्हाड उचलायला लावली, तर तो अर्ध्या हाताने घाव घालू लागला. तेही मुद्दामच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगीच नाही, असं शिष्य स्वतःशी पुटपुटला.

"यात्रा तोंडावर आलीये," शिष्याने शेवटी सांगितलं. "महाप्रसादाच्या चुलींची लाकडं आमच्याकडूनच जातात. शेठ म्हणालेत, वस्तादांनी तेलात पाणी आहे असं सांगितलं, तर सुभाना आजच वखारीबाहेर. नुसतं एवढं सांगा, वस्ताद."

"सांगेन की," वस्ताद म्हणाले. "पाणी असलं तर सांगेन."

वखारीत शेठ ओंडक्यांच्या थप्पीपाशी उभे होते. पलीकडे सुभाना लाकूड फोडत होता. कुऱ्हाड कानाच्या वर जात नव्हती, घाव पडे तोही निम्मा. वस्तादांना पाहून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

"या वस्ताद. मिरच्या कशा हायत?"

"फुलावर आल्यात. तुझं कसं?"

"आता तुमीच सांगायचं म्हणत्यात," सुभाना म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड जमिनीला टेकवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. शिष्याने ती बरोबर ओळखली आणि तिचा अर्थ बरोबर चुकवला.

"आधी चालवून दाखव," वस्ताद शिष्याला म्हणाले.

इंजिन सुरू झालं. पाचर पुढे सरकली, ओंडक्याला टेकली, वीतभर शिरली आणि थबकली. पंप असा ओरडू लागला की बोलणं ऐकू येईना. वस्ताद डोळे मिटून ऐकत राहिले. मग त्यांनी हाताने बंद करायची खूण केली. शिष्याने पाचर मागे घेतली आणि इंजिन थांबवलं. यंत्राला हात लावायला वस्ताद पुढे झालेच नाहीत. ते सुभानाकडे वळले.

"सुभाना, आरपार दिसणारी काचेची बाटली मिळेल का?"

सुभाना ज्या बाटलीतून ताक आणी ती रिकामी होती. त्याने ती विसळून आणली. शिष्याने ती हातातून जवळजवळ हिसकून घेतली, उलटी करून झटकली, आपल्या फडक्याने आतून कोरडी केली आणि उन्हात धरून पाहिली. न जाणो, यानेच आत पाण्याचे थेंब ठेवले असतील.

तोटीची तार सोडून बाटली खाली धरली. तेल सरळ येईना. एक घोट बाहेर, एक बुडबुडा आत, असं ते अडखळत आलं. वस्तादांनी ते पाहिलं. बाटली भरली, तशी दुधट आणि गढूळ. शिष्याने ती शेठच्या डोळ्यांसमोर नेली.

"बघा शेठ. आता आणखी काय पाहिजे?"

शेठनी सुभानाकडे पाहिलं. सुभानाने मान खाली घातली. एवढ्यावर निकाल लागला असता, कारण पांढरं तेल सगळ्यांना दिसत होतं आणि सुभानाच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नव्हतं.

वस्तादांनी ती बाटली घेतली आणि वखारीच्या बुटक्या भिंतीवर सावलीत ठेवली. मग ते यंत्राकडे पाठ करून एका ओंडक्यावर बसले.

"शेठ, चहा सांगता का?"

शिष्याला कळेना. पुरावा हातात आहे, आरोपी समोर आहे आणि वस्तादांना चहा सुचतोय. मध्येच एक विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो विचार असा, की वस्ताद आणि सुभाना जुने ओळखीचे आहेत. मिरच्यांची चौकशी उगाच झाली नसेल. संशयाला एकदा घरात घेतलं की तो सुभानाच्या खोलीत थांबत नाही, देवघरापर्यंत येतो.

चहा आला. वस्तादांनी बशीत ओतून सावकाश घेतला. सुभानाने कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. कप खाली ठेवल्यावर वस्ताद म्हणाले, "ती बाटली आण बघू."

शिष्याने बाटली उचलली आणि तो तिथेच उभा राहिला. तळाकडचं तेल निवळून मधासारखं झालं होतं. पांढरेपणा फक्त वरच्या बाजूला उरला होता आणि तोही बारीक बारीक बुडबुडे होऊन फुटत होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो आणखी आक्रसला.

"पाण्याने पांढरं झालेलं तेल एका चहात निवळत नाही," वस्ताद म्हणाले. "ते दिवसदिवस तसंच राहतं आणि शेवटी पाणी तळाशी बसतं. इथे तळ आधी साफ झाला. हा फेस आहे. यात पाणी नाही, हवा आहे."

शेठनी मोठा श्वास सोडला. शिष्याचा चेहरा मात्र उतरला नाही. संशय हा भाडेकरू असा, की एक खोली सोडायला लावली तर तो दुसऱ्या खोलीत सामान मांडतो.

"मग हवा कुणी भरली?" त्याने विचारलं. "नळीचा पट्टा ढिला केला असेल कुणी."

"ते पाहू. पुन्हा चालव. आणि दांडी सुभानाच्या हातात दे."

तेल सोडायची दांडी शिष्याने आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती, सुभानाच्या तर नाहीच. पण वस्तादांचा शब्द मोडायची सवय नव्हती. इंजिन सुरू झालं. "पाय मागं घे सुभाना, हात पाचरीपासून लांब," एवढं सांगून वस्ताद टाकीपाशी जाऊन उभे राहिले. सुभानाने दांडी दाबली. पाचर ओंडक्यात वीतभर शिरली आणि थबकली. पंप ओरडू लागला. टाकीच्या कुशीचा पोचा सगळ्यांच्या देखत आणखी आत गेला, भुकेल्या माणसाचं पोट खपाटीला जावं तसा. तिथे कुऱ्हाड नव्हती, आणि सुभानाचे हात दांडीवर होते.

वस्तादांनी शिष्यापुढे तळहात पसरला. "किल्ली."

शिष्याचा हात गळ्याकडे गेला आणि क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने दोरा डोक्यातून काढला. वस्तादांनी किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि झाकणाची कड रबरावरून उचकटली.

टाकीने एक लांब सुस्कारा टाकला. भोवतालची हवा आत धावली. पाठोपाठ ठण्ण असा आवाज झाला आणि पोचा पडलेला पत्रा आपणहून बाहेर आला. पंपाचं ओरडणं उतरलं, घुमू लागलं, नेहमीच्या सुराला आलं. पाचर एकदा थरथरली आणि चालू लागली. बाभळीचा ओंडका कडकडत उघडला आणि दोन फाके दोन बाजूंना पडले. दांडी सुभानाच्या हातात होती. तो वेड्यासारखा त्या फाक्यांकडे पाहत राहिला.

वस्तादांनी इंजिन बंद करायला लावलं.

शिष्य उघड्या टाकीकडे पाहत होता. यंत्र बांधताना जुन्या झाकणाला भोक याच वस्तादांच्या सांगण्यावरून त्याने पाडलं होतं. सिलिंडर जेवढं तेल घेतो तेवढी जागा टाकीत रिकामी होते आणि त्या जागी वरून हवा यावी लागते, हे तो पाठ म्हणून दाखवू शकला असता. त्याने टाकी काठोकाठ भरली, वरून रबर आवळलं आणि हवेला वाटच ठेवली नाही. कशी विसरलो, असं त्याला वाटलं. पण तो विसरला नव्हता. त्या भोकात त्याला त्या वेळी फक्त सुभानाचा हात दिसत होता.

तरी एक काटा उरलाच होता. तो हळू आवाजात म्हणाला, "पण वस्ताद, कुलूप लावायच्या आधी तेल उतरलं होतं. चार बोटं. जमिनीवर थेंब नव्हता. ते कुठे गेलं?"

"मला काय विचारतोस? ज्याच्यावर संशय घेतलास त्याला विचार. एकदा तरी विचार."

शिष्य सुभानाकडे वळला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. "पोत्यात... पोत्यात काय नेता तुम्ही?"

सुभाना कोपऱ्याकडे वळला. तिथून त्याने काल न्यायचं राहिलेलं आपलं पोतं आणलं. "राहू दे सुभाना, तशी रीत नाही," असं शेठ म्हणेपर्यंत त्याने तोंडाची सुतळी सोडून पोतं यंत्रापुढे उपडं केलं. भुसा पडला आणि ढलप्या पडल्या. दुसरं काहीच नव्हतं. वस्तादांनी मूठभर भुसा उचलून दाबला. बोटं तेलकट झाली. मग ते वाकले आणि सिलिंडरच्या तोंडातून पाचरीकडे येणाऱ्या चकचकीत दांड्यावरून त्यांनी तर्जनी फिरवली. बोटाच्या टोकावर तेलाची रेघ आली.

"इथलं सील झिजलंय. दांडा आतबाहेर होताना थोडं थोडं तेल बाहेर येतं. खाली भुसा असतो, तो पितो. संध्याकाळी अंगण झाडलं जातं, मग जमिनीवर थेंब राहील कसा?"

"म्हून तर सांगितलं की तुला," सुभाना म्हणाला. "भुसा लई पेटतोय म्हून. घरची वरडाय लागली, भाकरी करपत्यात म्हणाली. मला वाटलं तुला यंत्रातलं कळतं, तू बघशील. तर तू तोंडच फिरवलंस."

शिष्य खाली बसला. त्याला वस्तादांनी रागवावं असं वाटत होतं. रागावले असते तर सोपं झालं असतं.

वस्ताद त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसले. बाटली अजून भिंतीवर होती, आता जवळजवळ पूर्ण निवळलेली. तिच्याकडे पाहत ते बोलले, तेही शिष्यापुरतंच.

"कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून तू झाकण आवळलंस. हात कुणाचा जाणारच नव्हता, श्वास तेवढा कोंडला. आता पंपाचं बघ. त्याला ओढल्यावाचून गत्यंतर नाही. वरून सरळ वाट मिळाली नाही म्हणून तो थांबला नाही, नळीच्या सांध्यातली बारीकशी फट शोधून तिथून ओढू लागला. फटीतून आली ती हवा, तिचा झाला फेस, आणि फेस पाहून तू म्हणालास, पाणी घातलं. मनाचंही असंच चालतं बाबा. सुभानाला सरळ विचारायची वाट तू बंद केलीस. पण मन ओढायचं थांबत नाही. ते त्याच्या चालण्यातून ओढू लागलं, पोत्यातून, बोलण्यातून, टाकीच्या पोच्यातून. फटीफटीतून आलेलं सगळं तू साठवलंस आणि त्यालाच पुरावा म्हणालास. ती बाटली एक चहाभर बाजूला ठेवायला मला काही विद्या लागली नाही. तेवढंच तू केलं असतंस तर मला मिरच्या सोडून यावं लागलं नसतं."

एवढं बोलून ते उठले. शेठना म्हणाले, "सील बदलावं लागेल, तेल फडक्यातून गाळून घ्यावं लागेल, नळीचा पट्टा आवळावा लागेल. दुपारपर्यंत लाकडं फुटायला लागतील." आणि ते नदीच्या वाटेने चालू लागले. सुभानाबद्दल ते काही बोलले नाहीत, शेठनीही विचारलं नाही.

शिष्याने तेल काढलं, सिलिंडर सोडवला, तोंडाकडचा भाग उघडला. आतलं सील एका बाजूने खरोखरच खाल्लेलं होतं. दांडा दुसऱ्या माणसाने धरल्याशिवाय नवं सील बसत नव्हतं. सुभाना न बोलावता आला आणि त्याने दांडा धरला. डाव्या हाताने. उजवा खांदा त्याने अंगाशी दाबून ठेवला होता. शिष्याने ते आज पहिल्यांदा पाहिलं, म्हणजे पाहत तो रोजच होता.

"खांद्याला काय झालं?"

सुभानाने शेठ कुठे आहेत ते वळून पाहिलं. मग आवाज खाली आणला. "गेलाय त्यो. दोन पावसाळं झालं. कुऱ्हाड वर जात न्हाई. शेठला सांगितलं न्हाई, सांगितलं तर काय ठेवत्यात का? तुझं यंत्र आलं तवा मी देवाफुडं नारळ फोडला, पोरा. आन् तू म्हणतोस मी त्ये मारलं."

शिष्याच्या हातातला पाना थांबला.

"वखारीतनं जावं लागंल, त्याचं वाईट वाटलंच," सुभाना म्हणाला. "पर तू काका म्हणायचं सोडलंस न्हवं, त्ये लई लागलं."

शिष्याचे डोळे भरून आले तेव्हा त्याने तेलकट मनगटाने ते पुसले आणि आणखी भरून घेतले. सील बसलं. नव्या झाकणाला त्याने बारीक भोक पाडलं, कचरा जाऊ नये म्हणून वर जाळीचा तुकडा बांधला आणि टाकी वरून पंजाभर रिकामी ठेवली. कुलूप त्याने खिशात घातलं. संध्याकाळपर्यंत यात्रेच्या लाकडांची थप्पी भिंतीएवढी झाली. उरलेला दिवस दांडी सुभानाच्या हातात होती आणि ओंडके शिष्य लावत होता. शेठ दोनदा येऊन पाहून गेले, पण हे उलटं का चाललंय असं त्यांनी विचारलं नाही.

दिवस मावळताना सुभानाने अंगण झाडलं आणि सकाळी सांडलेल्या भुशासकट सगळं पोत्यात भरलं. फाटकाकडे जाताना तो शिष्यापाशी थांबला आणि त्याने पोत्याचं तोंड उघडं करून पुढे धरलं. त्यात टोमणा नव्हता. आज सकाळी ते उपडं झालं होतं, आता रोजच दाखवावं लागेल असं तो बिचारा धरून चालला होता.

शिष्याने आत पाहिलं नाही. त्याने पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी आवळलं, खिशातली सुतळी काढून घट्ट गाठ मारली आणि पोतं उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"चला काका," तो म्हणाला. "घरापर्यंत मी येतो."

सुभाना त्याच्या डाव्या बाजूने चालू लागला. पोतं शिष्याला वाटलं होतं तेवढं जड नव्हतंच.

आपल्याही मनात कुणाच्या नावाची एखादी टाकी बंद असेल, तर कुलपाची किल्ली बहुधा आपल्याच गळ्यात असते, एवढं चाचपून पाहावं.